तापत्या तळ्यातून ध्रुवाकडे

मंदी आली तेव्हा मी आखातात, जुमेरा लेक टॉवर्समधल्या तळ्यांचा वैद्य होतो. उन्हाळ्यात त्या पाण्यात मासे पोहत नसत, शिजत. मीठ-मसाला टाकला असता तर सगळ्या टॉवर्सना कालवण पुरलं असतं. पाण्याचं तापमान आणि त्यातला प्राणवायू मी रोज मोजायचो. मग एका गुरुवारी कंपनीनं अर्धं ऑफिस रिकामं केलं. मॅनेजर म्हणाला, “हबीबी, खलास.” व्हिसा रद्द. तीस दिवसांत कुटुंबासकट देश सोडायचा. परतायचं ते पुण्याला, आणि तिथे तळ्यांच्या वैद्याला कुणी विचारत नव्हतं.

पृथ्वीवर पेंग्विन सोडून सगळ्यांना मी बायोडेटा पाठवला. उत्तर एकच आलं. ध्रुवाजवळच्या नद्यांवर हवामानबदलाचा काय परिणाम होतो, ते अभ्यासणाऱ्या एका प्राध्यापक बाईंचं. मी लिहिलं होतं, ‘शून्याखालील तापमानात कामाचा अनुभव’. म्हणजे अल क्वोजच्या शीतगृहात, गोठलेल्या कोंबड्यांच्या शेजारी, पाण्याचे नमुने ठेवायला जायचो.

सव्विसाव्या दिवशी अल कुसैसच्या घरी त्यांचा फोन आला. मी स्पीकर लावला. बाईंनी विचारलं, गोठलेली नदी कधी पाहिलीत का? मी थाटात फोनवरच हिमालय चढायला लागलो. अर्ध्यावर पोचलो तोच शेजारून मुलगी म्हणाली, “बाबा, यू हॅव नेव्हर ईव्हन सीन स्नो.”

बायकोनं डोळे मिटले. आता उतरायला हिमालयही उरला नव्हता, म्हणून खरं बोललो. सांगितलं, इथे उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी उन्हात तापल्यामुळे गार पाण्याचा नळ भाजतो. मग आम्ही घरातला गीझर बंद करतो आणि त्यात निवलेलं पाणी गार म्हणून वापरतो. तळ्यातही तसंच. उथळ कोपरा आधी तापतो, तिथला प्राणवायू आधी संपतो. मासे कुठे तडफडणार, ते मी आदल्या दिवशी सांगू शकतो.

“बर्फ मला माहीत नाही,” मी म्हणालो. “तापत जाणारं पाणी माहीत आहे.”

स्पीकरवर बाईंच्या पेनाची खरखर ऐकू आली. मग म्हणाल्या, “बर्फ माहीत असलेले आमच्याकडे पुष्कळ आहेत. एक हंगाम या. पण एकट्यानंच यावं लागेल.”

मी हो म्हणालो. बायकोनं पुण्यासाठी भरलेली बॅग उघडली आणि माझे कपडे वेगळे काढायला घेतले.

“एकही स्वेटर नाही तुझ्याकडे,” एवढंच ती म्हणाली.