तट्टूचा खुराक

बसा, चहा उकळेस्तोवर माझीच फजिती ऐका. हसू आलं तर खुशाल हसा, मला मात्र अजून आलेलं नाही.

वडील गेले आणि कंधारजवळच्या आमच्या गावच्या घरात दोघंच उरली: आई आणि वडलांचं तट्टू. मी नोकरीला लातूरला. आईला कायमचं घेऊन जायचं म्हणून रजा टाकून आलो, तर तिची एकच अट. तट्टूला चांगलं घर मिळाल्याशिवाय ती हलणार नव्हती.

आता ते तट्टू कसलं! माझ्या छातीला लागेल एवढं, बरगड्या वर आलेल्या, दिवसभर माळावर कुसळं हुंगत फिरणारं. असलं ध्यान माळेगावच्या जत्रेत कोण घेणार? जत्रेला महिना होता. म्हटलं, याला गुबगुबीत करू.

माळावर जाणं बंद केलं. दावणीला बांधून खुराक सुरू: भिजवलेले हरभरे, गहू, सरकीची ढेप, वर गूळ. आई म्हणाली, "त्याला सोसायचं न्हाई रे." मी कशाला ऐकतोय? खाऊन कुणी मरतं का!

अंग भरलं. शेजारीपाजारी बघायला येऊ लागले, मी मिशीत हसू लागलो. आणि एका सकाळी तट्टू उठेचना. खूर तापलेले, पाऊल टेकवलं की सगळं अंग थरथरायचं. आई त्याच्या मानेवर हात ठेवून बसून राहिली. घरात पुन्हा सुतक आल्यासारखं झालं.

जनावरांचे डॉक्टर आले. खूर चाचपले, हरभऱ्याची टोपली पाहिली आणि हा खुराक कुणाचा, असं विचारलं. मी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला.

"अहो, हे भीमथडी हाय," डॉक्टर म्हणाले. "भीमेच्या काठची जात. ह्याच्या वाडवडलांनी मराठ्यांच्या फौजेत वाळलं गवत खाऊन मुलूख तुडवला. दगडधोंडे, ऊन, दुष्काळ, समदं पचवलं. तुमचे हरभरे तेवढे पचले न्हाईत."

तट्टू वाचलं म्हणा. धान्य बंद झालं, वाळलं गवत आलं, काही दिवसांनी लंगडत का होईना उभं राहिलं. त्याला आपल्या शेतावर ठेवून घ्यायला डॉक्टरही तयार झाले. अट पुरी झाली! मी लगेच आईजवळ बसलो. म्हणालो, आता चल लातूरला. कामाला हात लावायचा नाही, बाहेर पडायचं नाही, नुसतं बसून खायचं.

आईनं तट्टूच्या पायांकडं बघितलं.

"न्हाई रे बाबा," ती म्हणाली, "मला अजून चालायचंय."