नसलेल्या केबलची लांबी

भूत, प्रेत, बाहेरची बाधा... घरी असला विषय निघाला की मी उठून जाते. त्यामुळे हे इथं लिहिताना माझी मलाच चीड येतेय.

मी मूळची मुदखेडची. लातुरात एका ऑनलाइन परीक्षा केंद्रात सात वर्षं नेटवर्क सांभाळलं, कंत्राटावर. परीक्षेच्या आदल्या दिवशी प्रत्येक कॉम्प्युटरच्या नेटवर्क कार्डवर केबलची टेस्ट चालवायची — केबल किती मीटर, आतल्या तारांच्या चार जोड्यांपैकी कुठली तुटलीय, सगळं स्क्रीनवर येतं — आणि ते जसंच्या तसं लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, लिहायचं. बरेच जण पहिल्या मशीनचाच आकडा खाली सगळ्यांपुढे उतरवतात आणि चहाला जातात. असल्यांचा मला भयंकर राग येतो.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास चौसष्ट नंबरच्या कॉम्प्युटरची केबल उंदरानं कुरतडलेली दिसली. मी ती दोन्ही टोकांकडून काढली, गुंडाळून कचऱ्यात टाकली आणि रिकाम्या कार्डवर टेस्ट घेतली. शून्य यायला हवं होतं. आलं ३८ मीटर, चारही जोड्या ठीक. पोर्टचा हिरवा दिवाही लागलेला.

वाटलं, कार्ड बिघडलं. दुसरं बसवलं — ३८. शेवटी माझा लॅपटॉप त्या टेबलावर ठेवला, वायर न लावता. ३८. शेजारच्या टेबलावर सरकवला की शून्य. आमच्या हॉलमधली सगळ्यात लांब केबल पंचवीस मीटरची! अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू.

व्यंकटदादांना बोलावलं. उदगीरचे, माझ्यापेक्षा सीनियर. त्यांनी स्वतःच्या हातानं तीनदा टेस्ट घेतली. तिन्ही वेळा तेच.

"लई झालं ताई, चल इथून," एवढंच म्हणाले.

मी लॉगमध्ये जे दिसलं ते लिहिलं. केबल नाही, लांबी ३८, पास.

दुपारी केंद्रप्रमुखांनी आम्हा दोघांना बोलावलं.

"केबलच न्हाई, तर लांबी कशाची मोजायलीस? बसल्या जागी भरला ना लॉग?"

"सर, एकदा येऊन बघा."

"मला काय बघायचं न्हाई. हे वर गेलं तर केंद्र बंद करतील. आणि तुझं पर्मनंटचं पत्र माझ्याच टेबलावर हाय."

मी व्यंकटदादांकडे वळले. "दादा, तुम्ही सांगा ना."

"मी तर नाश्त्याला गेलतो, सर," दादा फरशीकडे बघत म्हणाले.

घरी आई आणि शिकणारी बहीण, दोघी माझ्यावरच. मी ओळ खोडून नवी लिहिली — लांबी शून्य, फेल — आणि सही केली.

"आता कसं, पटण्यासारखं," सर म्हणाले.

नवी केबल टाकली, तिनं एकवीस मीटर दाखवले, परीक्षा सुरळीत झाली. त्यानंतर मी वायर काढून कितीदा तरी पाहिलं. शून्यच येतं.

पत्र मिळालं त्या दिवशी व्यंकटदादा पेढे घेऊन आले. आजूबाजूला कुणी नाही बघून हळूच म्हणाले, "अडतीसच होतं, ताई." तो बॉक्स मी त्यांच्यासमोर तसाच परत सरकवला.

ते अडतीस मीटर कुठून आले, मला आजही माहीत नाही. कुणाला माहीत असेल तर जरूर सांगा. फक्त मनाचे खेळ म्हणू नका... सात वर्षांत मी एकच ओळ खोटी लिहिली, आणि तेवढीच सगळ्यांना खरी वाटली.