उपाशीपोटीचं रक्त

आईच्या रक्तात काहीतरी बिघाड निघावा, असं मला त्या आठवड्यात मनापासून वाटत होतं. कुणाला बोलून दाखवलं असतं तर मलाच वेड्यात काढलं असतं. पण ती आशा लातूरच्या डॉक्टरांनीच लावून दिली होती. विसरण्याचा आजार आहेच, ते म्हणाले, पण कधी कधी रक्तातलं सोडियम उतरलेलं असतं, बी-बारा कमी असतं, थायरॉईड बिघडलेलं असतं, आणि त्यानं डोकं आणखी गोंधळतं. तसं काही सापडलं तर औषधानं थोडा फरक पडेल. थोडा म्हणजे किती, ते मी विचारलं नाही. आईनं एक रात्र सलग झोपावं आणि मला झोपू द्यावं, एवढंही मला पुरलं असतं.

रक्त उपाशीपोटी द्यायचं होतं. निलंग्याहून सकाळच्या पहिल्या एसटीनं लातूरला निघालो. आई दर थांब्याला विचारायची, "आज काय हाय?" मी सांगायचे, "रक्त द्यायचंय, म्हणून काही खायचं न्हाई." सांगून सांगून तोंड दुखलं, तेव्हा मी नुसतं म्हटलं, "आज उपास हाय." त्यावर ती एकदम शांत झाली, पदर नीट करून बसली. मला वाटलं, सुटले एकदाची.

लॅबमध्ये सुई टोचताना तिनं हूं की चूं केलं नाही. तिथली मुलगी म्हणाली, आता यांना नाश्ता करवा आणि दोन तासांनी परत आणा, खाल्ल्यानंतरची साखर बघायची आहे. समोरच्या हॉटेलात मी इडली मागवली. आईनं ताटली बाजूला सारली, पाण्याचा पेलाही सारला.

"हरतालिका हाय. पाणी पण चालत न्हाई," ती म्हणाली. "उद्या सकाळी सोडीन."

हरतालिकेला अजून कितीतरी महिने होते. मी समजावलं, लाडीगोडी लावली, देवाची शपथ घातली, शेवटी आवाज चढवला. हॉटेलातले लोक माना वळवून बघायला लागले. आई ढिम्म. रोज मला छळणारी बाई देवाच्या बाबतीत मात्र किती पक्की, याचा मला राग आला. तिला साखरेचा आजार, आणि रात्रीची गोळी पोटात. हळूहळू तिच्या कपाळावर घाम आला, बोटं थरथरायला लागली. साखर उतरली की तिची जीभ जड होते आणि नजर कुठेच ठरत नाही, हे मी एकदा बघितलेलं होतं. मी चमच्यात साखर घेऊन तिच्या ओठांशी नेली. तिनं दात आवळले.

"तुझ्या आबाच्या जिवावर उठलीस का?" ती म्हणाली.

आबांना जाऊन बरीच वर्षं झाली. सुरुवातीला तिनं विचारलं की मी खरं सांगायचे. ती दर वेळी नव्यानं रडायची आणि तासाभरात नव्यानं विचारायची. मग मी सांगायला लागले, नांदेडला आत्याकडे गेलेत, येतील. त्या खोट्यावर आमचं घर बरं चाललं होतं. पण त्या दिवशी दुसरं काही सुचेना, आणि खरं सांगायचं तर डोकं चालवायची ताकदही उरली नव्हती.

"आई, हा उपास नवऱ्यासाठी धरतात ना? आबा आता न्हाईत. गेले."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिचा जबडा सैल झाला. मी साखर भरवली, ती तिनं गिळली. नंतर इडलीही मुकाट्यानं खाल्ली. तिच्या लेखी आता उपासाचं कारणच उरलं नव्हतं. दोन तासांनी लॅबमध्ये दुसऱ्यांदा रक्त देऊन आम्ही निघालो.

विसरेल, या भरवशावर मी होते. चहाचा कप खाली ठेवून चहा मागणारी बाई ती. पण नेमकं हेच तिच्या डोक्यात राहिलं. परतीच्या एसटीत ती तोंडाला पदर लावून रडत होती. शेजारच्या बाईनं विचारलं तर म्हणाली, "मालक गेले." त्या बाईनं माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघत बसले.

संध्याकाळी लॅबचा फोन आला. सोडियम, बी-बारा, थायरॉईड, सगळं नॉर्मल. पुण्याला भावाला कळवलं, तर तो म्हणाला, "मग चांगलंच आहे की." त्याच्यावर तरी काय चिडणार? भरून काढण्यासारखं काही कमीच निघालं नव्हतं. म्हणजे हे असंच चालणार होतं.

मी स्वयंपाकाला लागले, तर आई ओट्याशी येऊन उभी राहिली.

"घरात माणूस गेलंय आन् तू चूल पेटवायलीस?"

तिनं गॅस बंद केला. मी पेटवला, तिनं पुन्हा बंद केला. गोळीची वेळ होत आलेली, आणि उपाशीपोटी ती द्यायची नाही. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. मी ओटा तसाच सोडून दारात जाऊन बसले.

शेजारी शिवणकाम करणाऱ्या खाला राहतात, आईच्याच वयाच्या. त्यांनी विचारलं, मी सगळं सांगितलं. त्या उठून आपल्या घरात गेल्या. बऱ्याच वेळानं आल्या त्या झाकलेलं ताट घेऊन. पिठलं आणि भाकरी, दुःखाच्या घरी शेजाऱ्यांनी न्यायचं असतं तेच. त्या आईजवळ जमिनीवर बसल्या.

"कवा गेले, बहीण?"

"आज सकाळी."

"तरास झाला का?"

"न्हाई. बोलत बोलत गेले."

हे मात्र खरं होतं. आबा तसेच गेले होते.

"सबर करा," खाला म्हणाल्या. "दोन घास खा, मंग रडा." पहिला घास त्यांनीच भरवला. आई रडत रडत खात होती. मी गोळी पुढे केली, तीही तिनं घेतली.

मग तिनं भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि माझ्यापुढे धरला. "खा बाळा," ती म्हणाली. "बाप गेलाय तुझा."

आबा गेले तेव्हा पाहुणेरावळे, दिवसकार्य आणि आईला सांभाळणं यात माझं रडायचं राहूनच गेलं होतं. तो घास तोंडात असतानाच मला हुंदका आला. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. आई माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि कितीतरी दिवसांनी त्या घरात आई ती होती आणि लेक मी होते.