खालच्या फांदीची फुलं

उजाडल्यावर झाडावर एखादं फूल दिसलं, की उपवर पोर घरात राहिल्यासारखा आत्याबाईंच्या जिवाला घोर लागतो. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. अहमदपूरला आमच्या घरासमोर चार बाजा मावतील एवढी बाग आहे. तिच्यात जास्वंद, शेवंती, मोगरा, तगर, सदाफुली, एक बुटका गुलाब, गोकर्णाचा वेल आणि कोपऱ्यात एक देशी बदाम. झाडं सगळी त्यांनी लावलेली. पण बागेत फूल बघायचं असेल तर शेजाऱ्याच्या बागेत जावं लागायचं, कारण आमची फुलं सूर्य उगवायच्या आत टोपलीत गेलेली असायची.

मी मुदखेडकडची. माहेरी फुलशेती. गलांडा, शेवंती, काकडा असं रान. पहाटे बोटं बधिर होईपर्यंत तोडणी करायची, फुलं ओल्या फडक्यात बांधायची आणि नांदेडच्या बाजाराला धाडायची. ऊन वर येईतो रान मोकळं. लोक म्हणायचे, फुलांत वाढलीस, नशीबवान आहेस. मला आठवतात ते हिरवे देठ आणि हाताला येणारा गलांड्याचा कडवट वास. लग्न ठरलं आणि सासरी दारात बाग आहे असं कळलं, तेव्हा मी मनाशी म्हटलं, चला, आता बाजार नाही, आता फूल झाडावर बघायला मिळेल. निघाले आगीतून आणि पडले फुफाट्यात. इथं बाजार नव्हता, पण देव होता.

सासर लिंगायत. आत्याबाई सकाळी अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतात आणि त्याला फूल नि बेल वाहतात. फूल आपल्याच दारचं हवं, आपल्याच हातानं तोडलेलं हवं, आणि तोडताना त्याचा वास घेतलेला नसावा, हे त्यांचे नियम. हे शास्त्रात आहे की त्यांच्याच डोक्यात, ते मी कधी विचारलं नाही. एकदा एवढंच म्हणाले होते, "आत्याबाई, तळहाताएवढा देव, त्याला टोपलीभर फुलं कशाला?" त्या म्हणाल्या, "तुला भूक किती लागती ते मी इचारते का?" उरलेली फुलं मग देव्हाऱ्याला, तुळशीला, उंबऱ्याला, मोटारसायकलच्या हँडलला आणि बोअरच्या मोटारीलाही जायची. ती पाणी देते म्हणून.

शिवाय चोर. आमच्या गल्लीत पहाटे फिरायला निघणारी मंडळी तब्येतीसाठी फिरतात असं सांगतात, पण प्रत्येकाच्या हातात पिशवी असते आणि एकाकडे तर आकडी लावलेली काठी. त्यांच्यावर मात म्हणून आत्याबाई जास्वंदीच्या कळ्या संध्याकाळीच तोडून ओल्या फडक्यात ठेवत. सकाळी त्या टोपलीतच उमलत. म्हणजे आमच्या जास्वंदीचं फूल आमच्या जास्वंदीनंही कधी पाहिलं नव्हतं. मी चिडायचे, भांडी आपटायचे. पण उन्हाळ्यात नळाला पाणी नसताना हीच बाई स्वतःच्या वाट्याच्या पाण्यातला तांब्या मोगऱ्याला घालायची. भाजी धुतलेलं पाणी चालेल, पण खरकटं पाणी देवाच्या झाडाला नको, म्हणायची. तिच्यावर किती वेळ चिडून राहणार?

गेल्या वर्षी दिवाळी झाली आणि शेवंतीला कळ्या धरल्या. त्याच दिवसांत आत्याबाई अंगणातल्या ओल्या शहाबादी फरशीवरून घसरल्या. खुबा मोडला. लातूरला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी घरी सोडताना स्पष्ट सांगितलं, की वॉकर धरून रोज चालायचं. भीतीनं अंथरुणात राहिल्या तर पुन्हा उठायच्या नाहीत. आत्याबाईंनी मान हलवली, घरी आल्या, खिडकीजवळच्या बाजेवर पडल्या आणि वॉकरकडे पाठ केली. न्हाणीपर्यंत आम्ही नवरा-बायको धरून नेऊ तेवढंच. त्यापुढे पाऊल टाकायचं म्हटलं, की डोळे गच्च मिटून घेत. आयुष्यात कुणाच्या बापाला न भ्यालेली बाई स्वतःच्या पायाला भिऊ लागली होती.

पहिल्याच सकाळी मी तोंडबिंड धुऊन, अंघोळ करून, नाक दाबूनच म्हणा ना, चांगली ताटलीभर शेवंती तोडून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ताटली बाजूला सारली.

"माझ्या हातचं चालत न्हाई का?" मी विचारलं.

"चालतंय गं. तुझ्या हाताला काय झालंय? पर मला वाहू वाटंना."

डब्यात बेलाची वाळलेली पानं होती. बेल शिळा होत नाही, त्यामुळे तोच वाहून त्यांनी पूजा उरकली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या ताटलीच्या वेळी माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "ठीक हाय. तुमची फुलं तुम्हीच तोडा. आजपासून मी एका फुलाला हात लावणार न्हाई, अन् कुणाला लावूबी देणार न्हाई." हे ऐकून माझे यजमान दारातच थबकले. म्हातारीशी असं कुणी बोलतं का, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण आई आणि बायको यांच्या मध्ये न पडण्याचा शहाणपणा त्यांना लग्नानंतर लवकरच आला होता.

मी खरंच हात लावला नाही. पहाटे पिशवीवाल्यांच्या आधी उठून फाटकाशी खुर्ची टाकून बसायचे. आणि मग, या वयात, मी पहिल्यांदा आमची बाग पाहिली. शेवंती आधी पिवळी दिसते, मग ऊन चढलं की आतून तांबूस होत जाते, हे शेवंतीच्या रानात वाढूनही मला माहीत नव्हतं. जास्वंद नऊच्या सुमाराला पूर्ण उघडते आणि तिच्यावर अंगठ्याएवढा काळानिळा पक्षी येऊन उलटा लटकतो. गोकर्णावर मधमाश्या येतात. बदामाची खालची पानं थंडीनं लाल व्हायला लागली होती, त्यातलं एक टपकन माझ्या मांडीवर पडलं. दोन दिवस मी चहा बागेतच घेतला. इतकी खूश होते, की स्वयंपाकाला उशीर व्हायला लागला.

पण हे सुख मला पचेना. खिडकीतून आत्याबाईही तेच बघत होत्या. संध्याकाळी जास्वंद मिटली, की आतून आवाज यायचा, "गेली फुकट." शेवंतीच्या कडा तपकिरी झाल्या तेव्हा त्या म्हणाल्या, "देवाच्या तोंडचं काढून मातीला घालून राहिलीस."

"मी न्हाई, तुम्ही घालून राहिलात," मी ओरडले. "उठा की!"

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मी आत जाऊन गुपचूप रडले. झाडं लगडलेली आणि ती बाई बाजेवर, हे चित्र मला बघवत नव्हतं. त्या कधीच उठल्या नाहीत तर ही भरलेली बाग मी जन्मभर कशी बघू, असं वाटायचं. पण हट्ट सोडला असता तर त्यांना उठायला कारणच उरलं नसतं. म्हणून फुलं झाडावरच सुकू दिली.

मग वेळ अमावास्या आली. आमच्याकडे तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी सगळं गाव रानात जातं. कडब्याची कोप म्हणजे खोपटं उभारायचं, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, लक्ष्मीची पूजा करायची आणि पालेभाज्या-शेंगांची भज्जी नि ताकातली आंबील खायची. गल्लीत चिटपाखरू नसतं, पिशवीवालेसुद्धा आपापल्या शेतात. मी भल्या पहाटे उठून सगळं रांधलं. मी आत्याबाईंजवळ थांबणार होते आणि हे एकटेच डबे घेऊन शेतात जाणार होते. आंबिलीचं मडकं गाडीला बांधता बांधता यांनी हँडलला एक प्लास्टिकची पिशवी अडकवली. पिशवीत शेवंती होती. बाजारातली, विकतची. हे बिचारे घाबरून होते. आईची फुलं तोडावीत तर बायको खवळणार, म्हणून आदल्या दिवशीच आणून ठेवली होती. कोण जाणे, माझ्या माहेरकडचीच असतील.

खिडकीतून आत्याबाईंनी ती पिशवी पाहिली.

"काय हाय रं त्यात?"

"फुलं, आई. लक्ष्मीला."

मग बाज करकरली. "दारात शेवंती जळून चालली अन् लक्ष्मीला इकतची फुलं नेतूस? लाज हाय का काही? थांब तिथंच." आणि मग माझ्या नावानं, "माझी टोपली कुठं टाकलीस? अन् ती लोखंडी घोडी आण हिकडं."

लोखंडी घोडी म्हणजे वॉकर. मी धावले. त्या उभ्या राहिल्या तेव्हा वॉकर फरशीवर खडखड वाजत होता. मी मागून कमरेला धरलं. खोलीतून ओसरीत, ओसरीतून अंगणात. पायरीवर त्या थांबल्या, "पडले तर?" म्हणाल्या. मी म्हणाले, "पडलात तर माझ्यावर पडाल. मी गादीसारखीच झाले की आता." त्या हसल्या नाहीत, पण उतरल्या.

टोपली धरायला हात मोकळा नव्हता, म्हणून मी पदर पसरला. त्या एका हातानं वॉकर धरून दुसऱ्या हातानं तोडत होत्या आणि फुलं माझ्या पदरात पडत होती. एक तोडायचं, थांबायचं, श्वास घ्यायचा. हे गाडीपाशी घड्याळ न बघता उभे, भज्जी गार झाली. हाताला येईल ते प्रत्येक फूल त्यांनी घेतलं. मग खाली पाहिलं. बुंध्याकडच्या फांद्यांवर पुष्कळ राहिली होती.

"वाकवंना," त्या हळूच म्हणाल्या.

"मी तोडू का?"

"नगं. राहू दे. तुला बघायला."

यांनी फाटकाला ती विकतच्या फुलांची पिशवी टांगून घरची फुलं रानात नेली. आत्याबाईंनी त्या दिवशी लिंगाला इतकी शेवंती वाहिली, की तळहात दिसेना.

त्यानंतर बागेची वाटणी झाली. गुडघ्याच्या वरचं देवाचं, गुडघ्याच्या खालचं माझं. आत्याबाई रोज पहाटे घोडी घेऊन बाहेर येत आणि वरची फुलं उतरवत. मी चहा घेऊन पायरीवर बसे आणि खालची शेवंती, सदाफुली, मग फाल्गुनात बुटका गुलाब असं माझ्या हक्काचं बघे. इतकी वर्षं मागितलं तेच मिळालं होतं. तरी त्यात एक काटा राहिला. वाकणं हळूहळू जमेल, किंवा जमणारही नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. खालचं प्रत्येक फूल मला तेच सांगत होतं. त्या फुलांचं उमलणं मला आवडायचं आणि तेच नकोसंही व्हायचं.

चैत्र लागला, मोगऱ्याला बहर आला. आमचा मोगरा बसका, पार जमिनीला टेकलेला, म्हणजे सगळा माझाच. आदल्या संध्याकाळी टपोऱ्या कळ्या मोजवत नव्हत्या. सकाळी चहा घेऊन गेले तर झाड रिकामं. एक कळी नाही. माझ्या तोंडात पिशवीवाल्यांसाठी एक सणसणीत शिवी आली होती. इतक्यात ओल्या मातीत मोगऱ्याच्या अगदी जवळ घोडीच्या रबरी पायांचे ठसे दिसले. आणि त्यांच्या पुढे, बुंध्यालगत, हात टेकल्याचा ठसा. पाचही बोटं. त्या वाकल्या होत्या.

मी तिथंच उभी राहिले. हसू आलं, मग डोळे भरून आले, चहा गार झाला.

खिडकीतून आवाज आला, "काय बघून राहिलीस तिथं? एकबी ठिवलं न्हाई मी."

"दिसतंय मला," मी म्हणाले. "लई ब्येस केलंत, आत्याबाई."