हाऊसबोटीमागे आबांची होडी

मागे बांधून नेलेल्या होडीत माणूस बसवायचा नाही, हा आमच्या कामातला पहिला नियम. भोरजवळ भाटघर धरणाच्या फुगवट्यावर एक हाऊसबोट आहे, तिचा सगळा कारभार मी बघते. पुण्याहून पाहुणे येतात, रात्री पाण्यावर राहतात, सकाळी कयाक घेऊन फिरतात. त्या कयाक आणि एक छोटी होडी आम्ही हाऊसबोटीच्या मागे दोराने बांधून नेतो. लोकांना वाटतं, दोर बांधला की निघालं. तसं नसतं. पुढची थांबली म्हणून मागची थांबत नाही, ती येऊन धडकते. म्हणून वेग हळूहळू उतरवायचा. उघड्या पाण्यावर दोर लांब सोडायचा, काठाजवळ आखडून घ्यायचा. मागच्या होडीला तो दोन्ही बाजूंनी बांधायचा, नाहीतर ती शेपटीसारखी वळवळत राहते. होडीतलं वजन मागच्या टोकाला ठेवायचं, म्हणजे पुढचं टोक वर राहतं. दोर सैल पडू द्यायचा नाही, कारण सैल दोर इंजिनाच्या पंख्यात जातो. आणि तोडायला कोयता हाताशी हवाच. हे सगळं मी रीतसर प्रशिक्षण घेऊन, परीक्षा देऊन शिकले. ते मी मिरवते. आमच्या वस्तीवरून कॉलेजात जाऊन पदवी घेऊन बाहेर पडलेली मी पहिली, तेही मिरवते. ज्याला खटकेल त्याने दुसरीकडे बघावं.

माणूस न बसवण्याचा तो नियम मी एकदाच बाजूला ठेवला. त्या दिवशी मागच्या होडीत माझे वडील होते, आणि ते गेलेले होते.

आमची वस्ती पाण्याच्या पलीकडच्या काठावर, डोंगराच्या पायथ्याशी. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. आबांनी उभं आयुष्य पत्र्याची होडी चालवली. बाजारहाट, बाळंतिणी, शाळेतली पोरं, वेल्ह्याकडून आलेले सोयरे, सगळे त्यांच्या होडीतून अलीकडे यायचे आणि एसटी पकडायचे. मीही तशीच कॉलेजला गेले. दप्तर मांडीवर, चपला हातात, कारण तळाला नेहमी थोडं पाणी असायचंच. मग धरणाला वळसा घालून रस्ता झाला, टेम्पो आले, होडीला गिऱ्हाईक राहिलं नाही. तरी आबा दर उन्हाळ्यात ती काठावर पालथी घालून डांबर लावायचे. मला नोकरी लागल्यावर ते पलीकडून वल्हवत यायचे, आमच्या धक्क्याला होडी बांधायचे आणि हाऊसबोटीकडे बघत बसायचे.

"चूल हाय, पलंग हाय, संडास हाय," एकदा म्हणाले. "मग दावं कशाला लावलंय? घर काय पळून जातंय व्हय?"

"आबा, पाहुण्यांसमोर असं बोलू नका."

"पाव्हण्यांनाच इचारतोय. रातभर हिंदकळत पडायला पैसं देत्यात, म्हंजी डोकं ठिकाणावर हाय का त्येंचं?"

पाहुणे हसायचे. फोटो काढायचे त्यांच्याबरोबर.

गेल्या पावसाळ्यात, श्रावणात, छातीत दुखतंय म्हणून ते त्याच होडीतून एकटे अलीकडे आले. मी त्यांना भोरला दवाखान्यात नेलं. होडी आमच्या धक्क्याला तशीच राहिली. दोनेक दिवस बरे वाटले, पहाटे गेले.

थोरले चुलते, ज्यांना आम्ही तात्या म्हणतो, माझ्याबरोबर दवाखान्यात होते. अँब्युलन्समध्ये आबांच्या पायाशी आम्ही दोघं बसलो होतो. मी म्हटलं, "तात्या, सरणावर मुखात पाणी मी घालणार."

आमच्याकडे बाया वेशीपासून मागे फिरतात. सरण पुरुषांचं.

"तुझा भाऊ हाय की."

"तो अग्नी देईल. पाणी मी घालणार. मी त्यांना सांगितलंय."

"कवा?"

"रात्री. ऐकू येत होतं त्यांना."

"मग ये बाई," तात्या म्हणाले. "तू काय ऐकणार हायेस व्हय? त्यानंच लाडावून ठिवलीया." आणि पंच्याने डोळे पुसले.

हे मी आबांना खरोखरच सांगितलं होतं. त्यांनी माझं बोट दाबलं होतं. त्याचा अर्थ काय, ते मी कोणाला विचारलं नाही.

अँब्युलन्स निघाल्यावर कळलं की वळशाच्या रस्त्यावर दरड आली आहे. वस्तीवर भावकीने सरण रचून ठेवलं होतं. आमची नेहमीची जळायची जागा पावसाळ्यात पाण्याखाली जाते, म्हणून आमच्याच वरच्या खाचराच्या बांधावर रचलं होतं. आणि आबा इकडे, पाण्याच्या अलीकडे. मी पुण्याला हाऊसबोटीच्या मालकांना फोन केला. ते म्हणाले, बोट न्या, काय लागेल ते करा, मला विचारत बसू नका. आई, आत्या, माझा धाकटा भाऊ, अलीकडच्या गावातले सोयरे, सगळे धक्क्यावर जमले. बायकांनाही वस्तीवर पोहोचायचं होतं, त्यामुळे त्याही बोटीत येणार होत्या.

तिरडी हाऊसबोटीच्या मोकळ्या जागेत ठेवायची असं मी ठरवलं होतं. तात्या आडवे आले.

"न्हाई. लोकं तिथं जेवत्यात, झोपत्यात. तिथं मढं न्यायचं न्हाई."

"मालकांची हरकत नाही, तात्या."

"मालकाची नसंल. माझी हाय. त्याची सवताची होडी हितं उभी हाय. जल्मभर दुसऱ्यांना न्हेलं तिच्यातनं, आज त्याला न्हेऊ द्या."

आई म्हणाली, "तेच बरं."

वारं पश्चिमेचं होतं, धरण काठोकाठ भरलेलं. सत्तरीच्या तात्यांना त्या वाऱ्यात तिरडी घेऊन वल्हवत पलीकडे जाणं जमलं नसतं. म्हणजे होडी हाऊसबोटीमागे बांधूनच न्यायला हवी होती. मी दोर काढला, दोन्ही बाजूंना गाठी मारल्या, ओढून बघितल्या. आबांना ठेवताना डोकं होडीच्या मागच्या टोकाकडे घेतलं, वजन मागे राहावं म्हणून. पाय पुढे, पलीकडच्या काठाकडे. तात्यांनी मान हलवली, रीतही तशीच होती.

मग तात्या धोतर सावरून होडीत चढायला लागले.

"तात्या, मागच्या होडीत कोणी बसायचं नाही."

"आन् ह्यो एकटा जाणार? मढं एकटं सोडत्यात व्हय कुठं?"

मी दोन लाईफ जॅकेट आणली आणि म्हटलं, ही घातली तरच. भाऊ शेणीच्या विस्तवाचं मडकं घेऊन होडीत बसला. तात्यांनी नारिंगी जॅकेट पांढऱ्या सदऱ्यावर चढवलं, पट्टा लावून घेतला आणि आबांकडे बघून म्हणाले, "ह्याला न्हाई आणलंस एक?"

आत्या रडता रडता हसली. मग जास्तच रडली.

निघालो. आमचा चालक पुढे सुकाणूवर, मी मागच्या कठड्याशी दोरावर डोळा ठेवून. चालकाला पुढून मागचं काही दिसत नाही, म्हणून मागे एक माणूस लागतोच. दोर ताणला, होडी सरळ मागे आली. मी आबांच्या होडीतून शेकडो वेळा हे पाणी पार केलं होतं, पण तिच्या पुढे राहून, तिच्याकडे तोंड करून कधीच नाही. भावाने मडक्याभोवती पंचा धरला होता. तात्यांचा एक हात तिरडीवर होता. पाऊस भुरभुरत होता. वस्तीवरची माणसं बांधावर उभी दिसत होती, लहान लहान, घोंगड्या घेतलेली.

पाण्याच्या मध्यावर तात्यांनी हात वर केला.

"थांबवा! इसावा!"

विसावा म्हणजे अर्ध्या वाटेवर तिरडी जरा खाली टेकवायची, खांदेकरी बदलायचे, पुढचे मागे आणि मागचे पुढे. ते चुकवत नाहीत. पाण्यावर खांदेकरी कुठले? पण वाट तर अर्धी झाली होती. मी चालकाला ओरडून सांगितलं, हळूहळू कमी कर, एकदम नको. त्याने तसंच केलं. होडी अलगद जवळ आली, मी दोर हाताने आत ओढत गेले. इथवर सगळं नीट झालं.

मग बोटीतले सगळे पुरुष मागच्या बाजूला आले. खांदा द्यायचा तर तिरडीला हात लागायला हवा. त्यांनी होडी धरली, आणखी जवळ ओढली, एकेकजण कठड्यावरून वाकून बांबूला हात लावू लागला. हे करताना माझ्या हातातला दोर कोणाच्या तरी पायात आला, कोणीतरी तो बाजूला सारला आणि तो पाण्यात गेला. नायलॉनचा दोर बुडतो.

"दोर उचला! दोर!" मी ओरडत होते. बायकांचे हुंदके, पुरुषांचं रामनाम, वारा. मला आबांच्या तिरडीला हात लावायचा होता आणि मी खाली वाकून पाण्यात दोर शोधत होते.

आणि तात्यांनी, विसावा झाला की म्हणतात तसं, मोठ्याने म्हटलं, "उचला! चला!"

पुढे चालकाने ते ऐकलं आणि गिअर टाकला.

खालून गुरगुरल्यासारखा आवाज आला. होडीला हिसका बसला, ती आमच्या मागच्या कठड्यावर आपटली. भावाने मडकं पोटाशी धरलं, त्याचा हात भाजला. तात्या आडवेच पडले आबांवर. इंजिन बंद पडलं. उरलेला दोर पंख्याने ओढून घेतला होता आणि होडीचं पुढचं टोक खाली दबत चाललं होतं. मी कोयता घेतला आणि दोर तोडला. होडी मोकळी झाली, बाजूला सरकली.

मग शांत झालं. नुसतं पाणी चाटल्यासारखा आवाज.

वारं आम्हाला ढकलत होतं. त्याच बाजूला, खालच्या अंगाला, पूर्वीची आमराई बुडालेली आहे, भरल्या धरणात तिची खोडं पाण्याखाली हातभरच असतात. हाऊसबोट पिंपांवर तरंगते. पिंप फुटलं तर ती एका बाजूला कलणार, आणि बोटीत आई होती, आत्या होती, पोहता न येणाऱ्या किती बाया होत्या. नांगर टाकावा तर इथे तळ लागत नाही, उथळात शिरता शिरता नेमका सोडावा लागतो. चालक सुरी घेऊन पाण्यात उतरला. वर नांगर सोडणारं, त्याची साखळी सांभाळणारं, लोकांना एका जागी बसवणारं, हे काम शिकलेलं माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

तात्यांनी वल्हं हातात घेतलं होतं. त्यांनी दुसरा हात माझ्याकडे केला.

"ये. हिकडं ये, जागा हाय. दोगं वल्हवू आमी, तू डोकं धर त्याचं."

हाताच्या अंतरावर होते आबा. कपाळावरचा बुक्का पावसाने गालावर उतरला होता.

"तुम्ही व्हा पुढे," मी म्हटलं.

"आगं पाणी घालायचंय न्हवं तुला?"

"मी येते मागून. जमलं तर थांबा थोडं."

"इस्तू इझाया लागलाय, बाय. आन् ह्यो पाऊस."

"मग नका थांबू."

भावाने भाजल्या हाताने दुसरं वल्हं घेतलं. वारं आता आडवं होतं, पण निम्मंच पाणी राहिलं होतं. ते जात राहिले. मी बायकांना मधोमध खाली बसवलं, साखळी मोकळी केली, पुढच्या टोकाला जाऊन पाण्याचा रंग बघत उभी राहिले. गढूळ दिसायला लागल्यावर नांगर सोडला. पहिल्यांदा घसरला. दुसऱ्यांदा धरला. बोट गर्रकन फिरली आणि थांबली. खोडं मागच्या बाजूला पाण्याखाली दिसत होती, काळी.

चालक बुडी मारत होता, वर येत होता, दोराचे तुकडे फेकत होता. "सुटतंय मॅडम, सुटतंय," म्हणत होता. मी वळून वस्तीकडे बघितलं नाही. आईनेच सांगितलं. ती कठड्याला धरून उभी होती.

"पेटलं," म्हणाली.

ओल्या लाकडांचा धूर होता, पांढरा, तो वर चढत नव्हता, खाचरावर पसरून पाण्याकडे येत होता. बाया उठून उभ्या राहिल्या. मी कोणाला खाली बसा म्हटलं नाही. बोट आता सुरक्षित होती.

आम्ही पलीकडे लागलो तेव्हा पुरुष अंघोळी करून परत निघाले होते. तात्या पाण्याच्या कडेला माझ्यासाठी थांबले होते. जॅकेट काढून त्यांनी नीट घडी करून हातात धरलं होतं.

"तुझ्या नावानं म्याच घातलं पाणी," ते म्हणाले. "तुझं नाव घेऊन घातलं."

ते चांगल्या मनाने म्हणाले, मला कळतं. तरी मला ते नको होतं. मी तसं त्यांना सांगितलं, सगळ्यांसमोर, "माझं मी घातलं असतं, तात्या." त्यांनी खाली बघितलं. मग बांधाकडे बोट केलं आणि वाट सोडून बाजूला झाले.

कोणी अडवलं नाही. मी चिखलातून वर गेले. तांब्या माझ्या हातात होता, बोटीतून उतरताना घेतलेला, पण ज्वाळा चांगल्या लागल्या होत्या आणि पुढे जायला जागा नव्हती. बांधाच्या अलीकडे जिथवर सोसवतं तिथवर गेले आणि उभी राहिले. धगीने तोंड भाजत होतं आणि पाठीवर पाऊस पडत होता. तांब्यातलं पाणी गरम व्हायला लागलं, तेव्हा मी तो खाली ठेवला.