खालच्या मजल्यावरचे काका आणि बोटभर मासा

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांइतका समुद्राला कंटाळलेला कोळी उभ्या रायगड जिल्ह्यात सापडायचा नाही. होडी उरणला, बिऱ्हाड पनवेलला आणि जीव कुठल्यातरी ओहोळात. सुरमई, घोळ, पापलेट यांच्याकडे ते मिठाईवाला पेढ्यांकडे पाहतो तसे पाहतात. पण वीतभर पाण्यात बोटभर मासा चमकला की त्यांची स्कूटर आपोआप थांबते. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी काकूंची चहाची गाळणी असते. नेऱ्याला एका लग्नाला आम्ही एकत्र निघालो होतो. पुलाखाली काहीतरी हललं म्हणून काका कडक इस्त्रीच्या पॅंटसकट ओहोळात उतरले, आणि आम्ही मंडपात पोचलो तेव्हा नवरा-नवरी जेवायला बसले होते. काकूंनी आहेर देताना वरमाईला एवढंच सांगितलं, "ते भिजलेलं हाय ना, ते आमचंच."

पावसाळ्यात मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. बाकीचे तेव्हा जाळी दुरुस्त करतात. काका अंदमानला जातात आणि तिथून बोटीने आणखी लांब, एखाद्या चिमुकल्या बेटावर. "समुद्राच्या मधी जाऊन तुमी गोडं पानी शोधता," काकू म्हणतात. "उद्या होडी घेऊन वाळवंटात जाल." काकांचं म्हणणं असं, की बेटावरचा ओढा ही बंद खोली असते, आत कोण राहतं ते कुणी दार वाजवून पाहिलेलंच नसतं. अशाच एका ओढ्यात, धबधब्याच्या दगडाला पोटाने चिकटून वर चढणारा निळ्या शेपटीचा एक मासा त्यांना दिसला. तो कुठल्याच पुस्तकात नव्हता.

इथे माझा संबंध आला. मी इंग्रजी शाळेत शिकलेली आणि कमी बोलणारी. काकांना दोन्ही गुण एकाच घरात मिळाले. "हिला इंग्रजी येतं न ही कुनाला सांगत नाय," असं म्हणून माशांच्या एका शास्त्रज्ञबाईंना लिहायची सगळी पत्रं त्यांनी माझ्यावर सोपवली. बाईंचं उत्तर आलं: मासा नवा असू शकतो, पण प्रत्यक्ष हातात आल्याशिवाय त्याला नाव देता येणार नाही. एक मासा पकडून आणायचा परवाना त्यांनीच मिळवून दिला. काका आठवडाभर नाव शोधत होते. शेवटी माशाला काकूंचंच नाव द्यायचं ठरलं. काकू म्हणाल्या, "दगडाला चिकटून रहातो ना? मंग माझंच बरोबर हाय."

गेल्या वर्षी काका परत आले ते माशासाठी नेलेली बाटली रिकामीच घेऊन. तीन दिवस दगडावर बसल्यावर मासा गाळणीत आला होता. एकच. उलटा करून पाहिला तर पोट टम्म, गाबोळीने, म्हणजे अंड्यांनी भरलेलं. "नारली पुनव व्हायची व्हती ना अजून," ते म्हणाले. त्यांच्या वडिलांनी घालून दिलेला नियम: पुनवेचा नारळ पाण्यात जाईपर्यंत अंड्यावरची मासळी मारायची नाही. नियम समुद्राचा, मासा ओढ्याचा, नारळ तर उरणचा. पण काकांच्या हाताला हे कोण सांगणार? "हात आपोआप उघडला, बाय."

मी पत्रात लिहिलं, मासा निसटला. वाटलं, तेवढीच त्यांची लाज राहील. काकांनी ते मराठीत सांगायला लावलं. "निसटला नाय, सोडला. कोल्याच्या हातून मासा निसटला म्हटलंस तर बंदरावर तोंड दाखवता यायचं नाय." मी खोडून खरं लिहिलं. गाबोळीला इंग्रजी शब्द सापडला. नारळी पौर्णिमेला चार ओळी लागल्या.

बाईंनी प्रेमाने कळवलं, पुढच्या वेळी पौर्णिमेनंतर जा. काकांनी कॅलेंडरवर गोल केला आणि मग तो खोडला, कारण पुनव झाली की होड्या पाण्यात जातात आणि त्यांच्या होडीचं सुकाणू धरायला दुसरं कुणी नाही. ते मोकळे असतात तेव्हा मासा घ्यायचा नसतो, आणि मासा घेता येतो तेव्हा ते मोकळे नसतात.

यंदाही ते आषाढातच निघाले. "औंदा एखादा नर गावंल," जिना उतरताना म्हणाले. "आल्यावर पत्र लिवायचंय." त्यांच्या पिशवीत काकूंनी नवी गाळणी ठेवली होती, बारीक जाळीची. रिक्षा वळेपर्यंत आम्ही दोघी दारात उभ्या होतो.

"नर गावला तरी सोडतील," काकू म्हणाल्या. "त्याची बायको वाट बघत असंल म्हनतील."

गेल्या वर्षीचं पत्र मी कॉम्प्युटरवरून पुसलेलं नाही. त्यात फक्त तारीख बदलावी लागेल.