वेटिंगवर असतानाच लागलेला बॅनर

...तर बॅनर चढला तेव्हा संघप्रिया सेलूला जिनिंगवर होती, काल आपण गोष्ट इथंच सोडून उठलो होतो. संघप्रिया म्हणजे माझी नात. कापसाच्या गाड्या वजनकाट्यावर घेणं हे तिचं काम. पहिल्या एसटीनं जायची, केसांत कापूस घेऊन परतायची आणि मग मॅनेजमेंटच्या परीक्षेचा अभ्यास. दोनदा हुकलं. तिसऱ्यांदा एका मोठ्या कॉलेजानं मुलाखतीला बोलावलं आणि निकाल आला, वेटिंग लिस्ट.

मी गावच्या शाळेत सातवी झालेला माणूस. मला एवढंच कळलं की पोरीचं नाव लागलं. भुजंगलाही तेवढंच कळलं. भुजंग हा आमच्या गल्लीतला हौशी गडी. कुणी पोलिसात लागो की बारावी होवो, हा परभणीहून बॅनर छापून आणणारच. संध्याकाळी पोरगी फाट्यावर उतरली तर पिंपळाला तिचाच हा एवढा फोटो! ‘निवडीबद्दल हार्दिक अभिनंदन’. खाली शुभेच्छुक सगळी गल्ली, त्यात माझं नाव पहिलं.

घरी येऊन म्हणाली, “आबा, निवड झालीच न्हाई माझी. कुणी जागा सोडली तर माझा नंबर.”

“मग सोडतील की! रेल्वेत न्हाई का होत कन्फर्म?”

तिनं हसायचा प्रयत्न केला, जमलं नाही. बॅनर काढावा तर गाव म्हणणार पोरगी नापास झाली. म्हणून राहिला.

मग रोज त्याच्याखालून जाणं आलं. पारावरची माणसं विचारायची, “कधी जायलीस गं?” कंडक्टर तिकीट फाडताना म्हणायचा, “मॅडम, अजून इकडंच?” घरी आमची पंचफुला दारातच उभी, “हलली का गं आज लिस्ट?”

“न्हाई, आजी.”

पुढं पुढं नुसती मान हलवायची. मी तिला माझ्या शाळेच्या गमती सांगायचो, गुरुजींच्या टोपीत चिमणी कशी शिरली ते. ती ‘हं’ म्हणायची आणि ताटावरच पेंगायची. उन्हानं बॅनरचा रंग उडाला. आधी अभिनंदन पुसट झालं, मग फोटोतले डोळे.

एका दुपारी वावटळीनं तो खालीच आणला. भुजंगनं उचलून शेळ्यांच्या छपरावर टाकला. त्या संध्याकाळी पोरगी किती दिवसांनी मान वर करून फाट्यावरून आली.

आणि बघा, त्यानंतरच जागा निघाली! कुणीतरी दुसरीकडे गेलं, हिचा नंबर लागला. ई-मेल आला तेव्हा ही काट्यावर. होकार कळवला, राहिलेल्या गाड्या मोजल्या आणि नेहमीच्याच एसटीनं घरी आली. चप्पल न काढता उंबऱ्यावर बसली. “आबा, मिळाली जागा.”

मी असा ओरडलो की शेळ्या बुजल्या. पंचफुला रडायलाच लागली. भुजंग पळत आला, “आता तर दुप्पट मोठा छापतो! संघप्रिया, कोटातला फोटो दे!”

“माझं नाव पहिलं ठेव रे,” मी म्हणालो.

पोरीनं भिंतीला डोकं टेकलं. केसांतला कापूस काढत, डोळे मिटूनच बोलली,

“काका, नवा नको. जुना शेळ्यांच्या छपरावर हाय, तिथंच बरा हाय. कुणी विचारलं तर सांगा, पोरगी झोपली. आन् आबा, सकाळी एसटीसाठी उठवू नका मला.”